फॅमिली थेरपी: पहिल्या फोनपासून शेवटच्या बैठकीपर्यंत काय, कधी आणि कोणत्या क्रमाने

फॅमिली थेरपी म्हणजे घरातल्यांनी थेरपिस्टसोबत एकत्र बसून आपसातल्या नात्यांवर काम करणं. तिला जाणाऱ्या घरांची गाडी बहुधा दोन ठिकाणी अडते. काही जण थेरपिस्टला पंच समजून आपापली बाजू मांडायला जातात आणि निकाल लागत नाही म्हणून तिसऱ्या बैठकीनंतर जाणं सोडतात. काही जण पहिल्याच दिवशी घरातली सगळ्यात खोल जखम उघडतात. मग त्या रात्री असा भडका उडतो की ‘यापेक्षा गप्प होतो तेच बरं होतं’ असं ठरून जातं. या दोन्ही चुका क्रमाच्या आहेत. आधी सुरक्षितता, मग माणसं, मग घराचा (म्हणजे घरातल्या नात्यांचा) नकाशा, मग रोजचं भांडण, आणि आघाताची गोष्ट त्यानंतर. हा क्रम मोडायचा नाही.

एक बैठक साधारण एक ते दीड तासाची असते, सुरुवातीला आठवड्याने किंवा पंधरा दिवसांनी. आठ ते वीस बैठका लागतील असं धरून चला. दोन बैठकांत ‘पोराला समजावून सांगा’ असं काम हवं असेल तर ते यातून होत नाही.

टप्पा १: एकत्र बसणं सुरक्षित आहे का, ते आधी ठरवा

खालीलपैकी काहीही घरात चालू असेल तर सगळ्यांची एकत्र बैठक आत्ता नको.

मारहाण, धमक्या, घराबाहेर पडू न देणं: बैठकीत बाई जे खरं बोलते त्याची किंमत तिला घरी गेल्यावर मोजावी लागते. म्हणून अशा वेळी दोघांना वेगवेगळं भेटतात. मदतीसाठी महिला हेल्पलाइन १८१, कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली (२००५) नेमलेले संरक्षण अधिकारी, आणि पोलीस यंत्रणेतला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष आहे. हा कक्ष १९८४ मध्ये मुंबईत सुरू झाला.

जीव देण्याचं बोलणं किंवा प्रयत्न: त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ. मधल्या वेळेत टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीतही. कीटकनाशकाचे डबे, झोपेच्या गोळ्या आणि साठवलेली औषधं त्या माणसाच्या हाताला लागणार नाहीत अशी हलवा. लपवून ठेवण्यापेक्षा घराबाहेर काढणं चांगलं.

मुलावर लैंगिक अत्याचार: ‘घरातल्या घरात मिटवू’ हा पर्यायच नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार माहिती असलेल्याने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, थेरपिस्टलाही. बालकांसाठीची हेल्पलाइन १०९८. ज्याच्यावर आरोप आहे तो काका असो की मामा, मुलाला त्याच्यासमोर बसवून ‘खरं काय ते सांग’ असं कधीही विचारायचं नाही.

दारू: पिऊन आलेल्या माणसासोबत बैठक होत नाही. पण रोज भरपूर पिणाऱ्याला ‘उद्या थेरपी आहे, आजपासून बंद’ असंही करू नका. दारू एकदम तुटली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. दारू सोडवण्याचं काम डॉक्टरांच्या देखरेखीखाली आधी किंवा सोबत चालवा.

> तपासा: प्रत्येकाला एकटं असताना विचारा, “सगळ्यांसमोर खरं बोललास तर घरी गेल्यावर काय होईल?” ‘बाबा चिडतील’ हे उत्तर चालेल. ‘मारतील’ हे उत्तर आलं तर इथेच थांबा.

टप्पा २: कोणाकडे जायचं आणि फोनवर काय विचारायचं

‘समुपदेशक’ ही पाटी आपल्याकडे कोणीही लावू शकतं. त्यामुळे शिक्षण विचारणं हा उद्धटपणा नव्हे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे (हे तपासणी आणि बोलण्यातून उपचार करतात) भारतीय पुनर्वास परिषदेचा (आरसीआय) नोंदणी क्रमांक असतो. सायकियाट्रिक सोशल वर्करांचं (मानसिक आरोग्यात काम करणाऱ्या समाजकार्यकर्त्यांचं) कुटुंबासोबत काम करण्याचं शिक्षण बहुधा चांगलं असतं, आणि लोक त्यांना उगाच दुय्यम समजतात. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, या तिघांपैकी औषधं तेच देऊ शकतात. घरात कोणाला औषधांची गरज असेल तर थेरपिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघंही लागतील.

पहिल्या फोनवर एवढं विचारा:

1. कुटुंबासोबत काम करण्याचं वेगळं प्रशिक्षण कुठे घेतलं आहे?
2. किती माणसांना एकत्र भेटता? मध्ये एकेकट्याला भेटता का?
3. एकट्याने सांगितलेली गोष्ट इतरांपासून लपवता, की बैठकीत आणायला सांगता?
4. फी बैठकीची की माणशी? ऐन वेळी रद्द केली तर किती आकारता?
5. मधल्या दिवसांत घरात भडका उडाला तर कोणाला फोन करायचा?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. दोन्ही पद्धती चालतात, पण कोणती ते आधी कळायला हवं. नाहीतर एखादी सून विश्वासाने काहीतरी सांगते आणि पुढच्या बैठकीत तिच्या पायाखालची जमीन सरकते.

खासगी फी परवडत नसेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाची मानसोपचार ओपीडी, जिल्हा रुग्णालय, किंवा ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. तिथे केसपेपर काढताना ‘घरच्यांसोबत बसायचं आहे’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर एकट्या रुग्णाला पाहून चिठ्ठी दिली जाते. बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत यासाठी स्वतंत्र फॅमिली सायकियाट्री सेंटर आहे. मानसिक आजाराला विमा शारीरिक आजारासारखाच द्यावा असं २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो, पण तुमच्या पॉलिसीत ओपीडीचा खर्च बसतो का ते आधी विचारून घ्या.

> सावधान: कौटुंबिक न्यायालयातले विवाह समुपदेशक दाव्याच्या चौकटीत काम करतात. ती फॅमिली थेरपी नव्हे. कोर्टात काही चालू असेल तर थेरपिस्टला पहिल्या फोनलाच सांगा. ‘आमच्या बाजूने लिहून द्या’ अशी मागणी आली की थेरपी तिथेच संपते.

परदेशातल्या मराठी घरांनी एक गोष्ट तपासावी. अमेरिकेत थेरपिस्टचा परवाना सहसा थेरपी घेणारा माणूस ज्या राज्यात बसलाय त्या राज्याचा लागतो. त्यामुळे ‘मराठी बोलणारी’ एवढ्यावर दुसऱ्या राज्यातली व्यक्ती ठरवू नका.

टप्पा ३: कोणाला बोलवायचं आणि कसं

एका छपराखाली राहणारे सगळे, आणि ज्यांच्या फोनवर घरातले निर्णय फिरतात ते. गावाकडची आत्या रोज तासभर बोलून घर हलवत असेल तर ती या घराचीच आहे, निदान एखाद्या बैठकीपुरती.

आमंत्रणाचं वाक्य आधी जुळवून घ्या. “तुमच्या रागामुळे जावं लागतंय” असं म्हटलं की बाबा येत नाहीत. “मला या घरात झोप लागत नाही, मला मदत हवी आहे, तुम्ही बरोबर आलात तर बरं होईल” हे बऱ्याचदा चालतं. आजीला “आजी, या घराचं तुम्हाला जितकं माहीत आहे तितकं कोणालाच नाही, तुम्ही सांगाल ते ऐकायचंय” असं सांगा. हे खोटंही नाही. ‘बीपी दाखवायला जाऊ’ म्हणून फसवून मात्र आणू नका. दारावरची पाटी वाचता येते, आणि मग विश्वास परत मिळवण्यात चार बैठका जातात.

कोणी आलंच नाही तर? जे तयार आहेत त्यांनी सुरुवात करायची. भांडणाला दोन टोकं असतात, एक टोक बदललं तरी दोरीचा ताण बदलतो. फक्त घरी येऊन “मॅडम म्हणाल्या की चूक तुमचीच आहे” असं सांगू नका. त्या वाक्याने न आलेला माणूस कायमचा जातो.

लहान मुलांना सगळ्या बैठकांना नेण्याची गरज नाही. पाच-सहा वर्षांपुढच्या मुलांसाठी चित्रं, खेळणी आणि कमी वेळ. आईबाबांच्या आपसातल्या विषयांना त्यांना बाहेर ठेवतात.

टप्पा ४: घरी करायची तयारी

या टप्प्यावर लोक सगळ्यात कमी वेळ देतात, आणि पुढचं बरंच काही इथेच ठरतं.

*घराचा नकाशा.* ए-फोर कागद आडवा घ्या. तीन पिढ्या, तीन ओळी. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, वारलेल्या व्यक्तीवर फुली. लग्नाची आडवी रेघ, मुलांच्या उभ्या रेघा. मग नात्यांच्या रेघा: घट्ट नात्याला दुहेरी, भांडणाला नागमोडी, दुराव्याला तुटक, आणि बोलणंच बंद असेल तर मधून तोडलेली. जन्म, मृत्यू, लग्न, वाटणी, नोकरी सुटणं, गाव सोडणं यांची सालं लिहा. यालाच जेनोग्राम म्हणतात.

अट एकच: प्रत्येकाने आपला कागद वेगळा काढायचा, एकमेकांना न विचारता, अर्ध्या तासात. कागद जुळत नाहीत हीच कामाची माहिती असते. मुलीच्या कागदावर आई आणि आजीच्या मध्ये नागमोडी रेघ असते आणि बाबांच्या कागदावर दुहेरी. बैठकीचा पहिला अर्धा तास तेवढ्यावर जाऊ शकतो.

नेहमी गाळली जाणारी माणसं: गर्भपात झालेलं किंवा जन्मताच गेलेलं मूल, आधीचं लग्न, आत्महत्या केलेला काका, मनोरुग्णालयात ठेवलेली आत्या. त्यांना कागदावर जागा द्या. त्याबद्दल बोलायचं की नाही ते नंतर ठरेल.

*एका ओळीचं ध्येय.* ‘घरात शांतता हवी’ हे ध्येय नाही, कारण ते मिळालं की नाही हे मोजता येत नाही. ‘आठवड्यातून चार रात्री सगळे एकत्र जेवू आणि जेवताना मार्कांचा विषय निघणार नाही’ हे ध्येय आहे. प्रत्येकाने आपली एक ओळ लिहावी. ओळीत दुसऱ्या कोणाचं नाव आलं असेल (‘दादाने सुधारावं’) तर पुन्हा लिहा.

> तपासा: पहिल्या बैठकीआधी हातात हवं: प्रत्येकाचा नकाशा, प्रत्येकाची एक ओळ, चालू औषधांची यादी. पुरावे, व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट आणि रेकॉर्डिंग घरी ठेवा.

टप्पा ५: पहिली बैठक

थेरपिस्ट प्रत्येकाला थोडंथोडं विचारतात आणि उत्तरांइतकंच बाकीचं पाहतात: कोण कोणाशेजारी बसलं, प्रश्न मुलाला आणि उत्तर आईचं असं किती वेळा झालं, बाबा बोलायला लागले की कोण खिडकीबाहेर बघतं. काही प्रश्न विचित्र वाटतील. “आई रडते तेव्हा बाबा काय करतात?” हे मुलीला विचारलं जाईल. यात चुगली काढायची नसते. घरातलं नातं तिसऱ्याच्या डोळ्यांनी दिसावं म्हणून तसं विचारतात.

गोपनीयतेच्या मर्यादा याच दिवशी समजून घ्या. जिवाला धोका, मुलावरचा अत्याचार आणि न्यायालयाचा आदेश असेल तर माहिती बाहेर जाऊ शकते.

ऑनलाइन असेल तर मोबाइल स्टँडवर, सगळे एका चौकटीत दिसतील असा ठेवा. एकाच घरातून तीन खोल्यांत तीन मोबाइल लावून बसणं टाळा.

> सावधान: बैठक संपल्यावर चोवीस तास त्यावर घरात चर्चा नको, आणि परतीच्या रिक्षात तर मुळीच नको. ‘तू तिथे असं का बोललीस?’ हा प्रश्न विचारला की पुढच्या वेळी ती बोलणार नाही.

टप्पा ६: भांडणाचं चक्र कागदावर उतरवणं

इथून खरं काम सुरू होतं. विषय मोठा घेऊ नका. गेल्या आठवड्यातलं एक भांडण, पाच-दहा मिनिटांचं, पुरतं.

१. फक्त कृती लिहा, कारण लिहू नका. ‘मुद्दाम केलं’, ‘माज आहे’, ‘लाडावलाय’ हे शब्द खोडा.

२. एकामागून एक मांडा. उदाहरणार्थ: मुलगा खोलीचं दार लावतो. आई दारावर टकटक करून विचारते, ‘अभ्यास चाललाय ना?’ मुलगा उत्तर देत नाही. आई पुन्हा विचारते, आवाज चढतो. बाबा हॉलमधून ओरडतात. आजी नातवाची बाजू घेते. आई आजीवर चिडते. बाबा उठून बाहेर जातात. आई रडते. मुलगा दार आतून कडी लावून घेतो.

३. शेवटच्या कृतीपासून पहिल्या कृतीकडे बाण काढा. सुरुवात दार लावण्याने झाली की टकटक करण्याने? गोलाला सुरुवात नसते. आई म्हणेल ‘तो दार लावतो म्हणून मी विचारते’ आणि मुलगा म्हणेल ‘ती विचारते म्हणून मी दार लावतो’. दोघंही खरं बोलत असतात. कोण चुकलं हा प्रश्न निरुपयोगी का, ते इथे बहुतेकांना पहिल्यांदा कळतं.

४. या साखळीतली सगळ्यात स्वस्त कडी, म्हणजे बदलायला सगळ्यात सोपी कृती, निवडा. मुलाचं दार ही महाग कडी आहे. आजीने त्या पाच मिनिटांत स्वयंपाकघरातच थांबणं ही स्वस्त. आई-मुलाच्या भांडणात तिसरं माणूस शिरलं की त्या दोघांचं भांडण कधीच पुरं होत नाही, नुसती जागा बदलतं.

५. एकच कडी, दोन आठवडे. रोज रात्री कॅलेंडरवर खूण: झालं किंवा नाही झालं.

पहिल्या आठवड्यात भांडणं वाढली तर घाबरू नका. जुनी सवय सुटण्याआधी घर जरा जोर लावून पाहतं. बरीच कुटुंबं नेमकी इथे ‘थेरपीने बिघडलं’ म्हणून थांबतात.

याच टप्प्यावर दोन साधनं शिकवली जातात. पहिलं ‘थांबा’ घेणं, म्हणजे भांडण तापलं की परत येण्याची वेळ सांगून थोडा वेळ बाजूला होणं. वाक्य आधी ठरवलेलं, उदाहरणार्थ “मी साडेआठला परत येतो”. किमान वीस-तीस मिनिटं, कारण रागात वाढलेले ठोके उतरायला तेवढा वेळ लागतो. त्या वेळेत मनातल्या मनात उत्तरं रचत बसायचं नाही. भांडी घासा, चालून या. आणि जो उठून गेला त्यानेच परत येऊन विषय काढायचा. वेळ न सांगता उठून जाणं याला आपल्याकडे अबोला म्हणतात, आणि त्यात आपली घरं तरबेज आहेत.

दुसरं साधन पाळीने बोलणं. घड्याळ लावून एकाने तीन मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं, पहिल्याने ‘हो, हेच’ म्हणेपर्यंत. सुरुवातीला नाटकी वाटतं. वाटू द्या.

> तपासा: पुढच्या टप्प्याआधी सलग चारेक आठवडे असे हवेत, की थांबा घेतला गेला आणि पाळला गेला, कोणी जीव देण्याची भाषा केली नाही, आणि झोप-जेवण बऱ्यापैकी जागेवर आहे.

टप्पा ७: आघाताची गोष्ट

अपघात, अचानक मृत्यू, आत्महत्या, पुरात गेलेलं घर, वर्षानुवर्षं सोसलेली मारहाण. घटना एक असली तरी घरातला प्रत्येक जण ती वेगळी जगतो. एकाला सारखं बोलायचं असतं, दुसऱ्याला नाव काढलेलं चालत नाही, तिसरा कामाला जुंपून घेतो. मग ‘याला काही वाटतच नाही’ असा आरोप होतो. अर्धं दुखणं घटनेचं असतं आणि अर्धं या आरोपांचं.

घटना अगदी ताजी असेल, महिन्याच्या आतली, तर कोणाकडूनही ‘सगळं सांगून मोकळा हो’ म्हणत तपशील वदवून घेऊ नका. त्या दिवसांत झोप, जेवण, सोबत आणि कागदपत्रांची मदत एवढंच पुरेसं. महिन्यानंतरही घटना डोळ्यांसमोर येणं, दचकणं, जागा टाळणं चालू असेल तर त्या व्यक्तीला स्वतंत्र उपचार लागतील, जसं ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी (आघाताशी जोडलेले विचार आणि वागणं यांवर काम) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या साथीने आघाताच्या आठवणींवर काम). फॅमिली थेरपी त्याच्या जोडीने चालते, त्याची जागा घेत नाही.

बैठकीत काम या क्रमाने होतं:

- थांबण्याची खूण. हात वर केला की विषय थांबतो, कारण विचारायचं नाही. लहानातल्या लहानालाही हा हक्क.
- आधी आजचं, मग तेव्हाचं. त्या घटनेमुळे आज घरात काय बदललंय ते आधी. रात्री दिवे कोण चालू ठेवतं, बाईक कोण चालवू देत नाही, कोणता सण बंद झाला.
- ज्याची गोष्ट, त्याच्या तोंडून. आईने मुलीच्या वतीने सांगायचं नाही. रक्ताचे, शरीराचे तपशील सगळ्यांसमोर लागत नाहीत, ते एकट्याच्या बैठकीत.
- शेवटची पंधरा मिनिटं राखून. गोष्ट अर्धी राहिली तरी चालेल, पण उठताना सगळे वर्तमानात हवेत. पाय जमिनीला टेकवा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्या, पाणी प्या, संध्याकाळी जेवायला काय करायचं ते ठरवा.

अशा बैठकीनंतर दोन-चार दिवस झोप मोडते, स्वप्नं पडतात. त्या दिवशी पाहुणे, प्रवास, परीक्षा ठेवू नका. आठवडा उलटूनही उतार नसेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करा.

मुलांना खरं सांगा, त्यांच्या वयाच्या शब्दांत. ‘बाबा बाहेरगावी गेलेत’ हे सगळ्यात महाग खोटं. मूल वाट बघतं, आणि एक दिवस शाळेत दुसऱ्या कोणाकडून कळतं. आत्महत्येनंतरही ‘बाबांच्या मनाला मोठा आजार झाला होता, त्यात त्यांचा जीव गेला, आणि यात तुझी काहीच चूक नाही’ असं सांगता येतं. शेवटचा भाग न विचारताही सांगायचा, पुन्हा पुन्हा सांगायचा. लहान मुलांना ‘मी त्या दिवशी हट्ट केला म्हणून’ असं खरोखर वाटत असतं.

तारखा आधीच बघून ठेवा. वर्षश्राद्ध, गेलेल्याचा वाढदिवस, पुरात घर गेलेल्यांसाठी आषाढ-श्रावणातला पहिला मोठा पाऊस. त्याआधी आठ-दहा दिवस घरात विनाकारण वाटणारी भांडणं वाढतात. दिवस कसा काढायचा, कोण कोणासोबत असेल, हे पंधरा दिवस आधी ठरवलं तर त्या भांडणांना नाव मिळतं आणि जोर कमी होतो.

घरातल्याच कोणी दुखावलं असेल तर माफीचाही क्रम असतो: मी काय केलं, त्याने तुझं काय झालं, आता मी काय वेगळं करणार. त्यात ‘पण’ हा शब्द येत नाही, आणि ‘माफ केलंस ना?’ असं त्याच दिवशी विचारायचं नाही. मोठी माणसं इथे ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ म्हणून विषय गुंडाळतात. ज्याला सोसावं लागलं त्याने ते म्हणावं, दुसऱ्याने नव्हे.

टप्पा ८: अंतर वाढवणं, थांबणं, किंवा थेरपिस्ट बदलणं

थेरपी एकदम बंद करू नका. पंधरा दिवस, मग महिना, मग तीन महिने. शेवटच्या बैठकीत एका कागदावर चार गोष्टी लिहून घ्या: आपलं भांडणाचं चक्र कोणतं, ते सुरू झाल्याची पहिली खूण कोणती, तेव्हा कोण काय करणार, आणि कशावरून समजायचं की पुन्हा फोन करायची वेळ आली. कागद फ्रिजला लावा.

थेरपिस्ट सतत एकाच माणसाची बाजू घेत असेल, मारहाणीचं ऐकूनही ‘थोडं जुळवून घ्या’ म्हणत असेल, किंवा सहा बैठकांनंतरही ध्येय काय हे सांगता येत नसेल, तर बदला. त्याआधी एकदा तोंडावर विचारा: “आम्हाला असं वाटतंय, तुम्हाला काय दिसतंय?” चांगला थेरपिस्ट या प्रश्नाने दुखावत नाही. बदलायचं ठरलं तर आधीच्या कामाचा गोषवारा लेखी मागा आणि नकाशाचे कागद बरोबर न्या, म्हणजे नव्या ठिकाणी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.